विधेयकातले विषय कसे मोजावेत

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना ज्याने कधी बारकाईने वाचली आहे, त्याला विधेयक वाचणे फारसे जड जाऊ नये. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आमची संस्था आहे आणि तिच्या एका सूचनेतला सातवा विषय मला अजून पाठ आहे: 'इमारतीचे बाहेरील रंगकाम व गळतीची दुरुस्ती करणे, त्यासाठी सभासदांकडून वर्गणी घेणे आणि त्या अनुषंगाने वाहनतळाच्या नियमांत योग्य ते बदल करणे.' सलग दोन पावसाळे वरच्या मजल्यांच्या भिंतींना ओल धरली होती, त्यामुळे सभेत हात वर झाले ते गळतीसाठी. इतिवृत्त हाती आले तेव्हा दुसऱ्या गाडीचे मासिक शुल्क दुप्पट झालेले होते आणि भाडेकरूंच्या गाड्यांना आवारात जागा उरली नव्हती. गळतीचा आणि भाडेकरूच्या गाडीचा अनुषंग काय, असे मी विचारले, तेव्हा 'ठराव एकमताने झाला आहे' एवढेच उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते, हीच त्यातली अडचण होती.

कायदेमंडळातही हे असेच घडू शकते आणि तिथे एका होकाराची किंमत एका इमारतीपुरती राहत नाही. म्हणून 'एका विधेयकात एकच विषय असावा' ही मागणी जगात अनेक ठिकाणी झाली आणि काही ठिकाणी तिचा नियमही झाला. आपल्याकडे सर्वसाधारण विधेयकांसाठी असा नियम संविधानात नाही. तो नाही म्हणूनच एखाद्या विधेयकात खरोखर किती विषय आहेत, हे वाचणाऱ्याने स्वतः मोजायला शिकावे लागते. ते कसे मोजायचे, आणि मोजल्यावर काय करायचे, हे पुढे दिले आहे.

आधी थोडा इतिहास, कारण फसवणुकीची तऱ्हा त्यावरून चटकन ध्यानात येते. प्राचीन रोममध्ये इ. स. पूर्व ९८ मध्ये असंबद्ध विषय एकाच कायद्यात कोंबण्यास मनाई करणारा कायदा झाला. अशा कोंबलेल्या कायद्याला तिथे जो शब्द वापरत, तो नाना पदार्थांनी भरलेल्या ताटाशी जोडला जातो. मामलेदार कचेरीजवळ मिसळ खाणाऱ्या ठाणेकराला मिसळीचे वावडे नसणारच, पण तिथे आत काय आहे हे वाटीत दिसते. त्याच रोमन कायद्याने प्रस्ताव जाहीर होणे आणि त्यावर मतदान होणे यांमध्ये ठरावीक बाजारदिवसांचे अंतरही सक्तीचे केले होते. विषय एक आणि वाचायला वेळ, या दोन गोष्टी तेव्हापासून जोडीने मागितल्या गेल्या आहेत.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १७९५ मध्ये कोट्यवधी एकर जमीन कवडीमोलाने कंपन्यांना विकणारा कायदा मंजूर झाला. त्याच्या लांबलचक शीर्षकात जमीनविक्रीचा डंका नव्हता. राज्याच्या सैनिकांचे देणे भागवण्यासंबंधीच्या आधीच्या कायद्याला पूरक, अशी त्याची ओळख होती. पुढच्याच वर्षी तो रद्द झाला आणि १७९८ च्या राज्य संविधानात, शीर्षकात नमूद नसलेली बाब कायद्यात असू नये, असे लिहिले गेले. १८४४ मध्ये न्यू जर्सीने आणखी पुढे जाऊन प्रत्येक कायद्याचे उद्दिष्ट एकच असावे आणि ते शीर्षकात सांगितलेले असावे, असा नियम केला. आज तिथल्या बहुतेक घटकराज्यांत असा नियम आहे. त्यांच्या केंद्रीय काँग्रेसला मात्र तो लागू नाही.

प्रत हाती घेतल्यावर

विधेयकाची बातमी वाचून विषय मोजता येत नाहीत. पूर्ण प्रतच हवी. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि शासन राजपत्रात विधेयके मराठीत मिळतात. वाचताना एक संज्ञा सांभाळावी: मंजूर कायद्यात असते ते 'कलम', विधेयकात असतो तो 'खंड'. सभागृहात 'खंड दोन ते नऊ विधेयकाचा भाग झाले' असे पुकारले जाते ते त्यामुळेच.

वाचन मागच्या बाजूने सुरू करावे, असा माझा अनुभव आहे. खंड संपल्यावर 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' येते आणि त्याखाली खात्याच्या मंत्र्यांचे नाव असते. या विधेयकाची गरज का पडली, हे तिथे सलग परिच्छेदांत सांगितलेले असते. ते वाचून वहीत एकच वाक्य लिहावे: 'या विधेयकाला अमुक करायचे आहे.' ते वाक्य 'आणि' न वापरता लिहिता येत नसेल, तर पहिली खूण तिथेच करून ठेवावी. त्यानंतर सुरुवातीला येऊन दीर्घ शीर्षक वाचावे. शीर्षकात फक्त 'अमुक अधिनियमात आणखी सुधारणा करण्यासाठी विधेयक' एवढेच असेल, तर त्यातून विषय कळत नाही, फक्त पत्ता कळतो. 'तत्संबंधित किंवा तदनुषंगिक बाबींकरिता' हे शब्द बहुधा असतातच. त्यांनी बिचकू नये, पण त्यांच्या आडून काय आत येते ते पाहावे. आमच्या सातव्या विषयातला 'त्या अनुषंगाने' हा त्यांचाच धाकटा भाऊ. वित्तीय ज्ञापन आणि वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन वेळ असल्यास पाहावे. निवेदनात न आलेला एखादा खर्च किंवा अधिकार कधी कधी तिथे डोके वर काढतो.

मुख्य काम खंडांचे. ते एका कल्पित उदाहरणावर करून दाखवतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. समजा, त्यात सुधारणा करणारे दहा खंडांचे एक विधेयक आले आणि त्याच्या निवेदनात पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची जबाबदारी निश्चित करणे, हा उद्देश सांगितला आहे. पहिल्या खंडात संक्षिप्त नाव व प्रारंभ आहे. दुसऱ्यात नाल्याची व्याख्या, तिसऱ्यात सफाईचे वेळापत्रक जाहीर करण्याची सक्ती, चौथ्यात प्रत्येक प्रभागासाठी जबाबदार अधिकारी, पाचव्यात कामात कसूर करणाऱ्या कंत्राटदारास दंड, सहाव्यात या खर्चासाठी वेगळे लेखाशीर्ष आहे. सातव्या खंडाने जाहिरात फलकांच्या परवान्याची मुदत वाढवली आहे. आठवा नियम करण्याचा अधिकार देतो, नववा यापूर्वी मुदत संपूनही चालू राहिलेल्या फलकांना भूतलक्षी प्रभावाने मान्यता देतो आणि दहावा अंमलबजावणीतील अडचणी दूर करण्याचा अधिकार शासनाला देतो.

आता प्रत्येक खंडाला तीन प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न 'त्यासाठी' या शब्दाचा आहे. वहीतले उद्देशवाक्य म्हणायचे, पुढे 'त्यासाठी' म्हणायचे आणि खंडातली तरतूद जोडायची. 'नालेसफाईची जबाबदारी निश्चित करायची आहे, त्यासाठी प्रत्येक प्रभागात एक अधिकारी नेमायचा' हे वाक्य सरळ चालते. 'नालेसफाईची जबाबदारी निश्चित करायची आहे, त्यासाठी फलकांच्या परवान्याची मुदत वाढवायची' हे मोठ्याने म्हणून पाहावे, कानालाच खटकते. फलकांच्या शुल्कातून नालेसफाईला पैसा मिळेल, असा युक्तिवाद कुणी करील. तो मान्य करायचा तर तसा पैसा राखून ठेवण्याची तरतूद त्याच विधेयकात दिसली पाहिजे, नाही तर पालिकेच्या तिजोरीत पैसा आणणारी झाडून सगळी कलमे नालेसफाईची ठरतील.

दुसरा प्रश्न असा की, हा खंड एकटा उचलून वेगळे विधेयक म्हणून मांडला तर तो अर्थपूर्ण राहतो का. पाचवा खंड तसा मांडता येणार नाही, कारण कसूर कशातली हे तिसऱ्या आणि चौथ्या खंडाशिवाय सांगताच येत नाही. सातवा आणि नववा मिळून मात्र एक सुटसुटीत स्वतंत्र विधेयक होते. पुष्कळ जण हा प्रश्न उलट विचारतात, म्हणजे खंड काढला तर उरलेले विधेयक उभे राहते का असे पाहतात, आणि तिथे चुकतात. दंडाचा खंड काढला तरी बाकीचे विधेयक लंगडत का होईना चालतेच. तेवढ्याने दंड परका ठरत नाही.

तिसरा प्रश्न मतदाराचा आहे. एखादा सरळ विचाराचा सदस्य एका तरतुदीला मनापासून 'हो' आणि दुसरीला मनापासून 'नाही' म्हणेल, आणि त्याच्या बोलण्यात काही विसंगती वाटणार नाही, अशी परिस्थिती आहे का? असेल तर त्याचे मत एकाच 'हो'मध्ये बांधणे म्हणजे त्याच्याकडून आवळा दाखवून कोहळा काढणे आहे. आठवा आणि दहावा खंड जवळपास प्रत्येक विधेयकात असतात; त्यांना वेगळा विषय मोजू नये, फक्त ते अधिकार कशापुरते आहेत ते वाचावे. या हिशेबाने वरच्या विधेयकात दोन विषय निघतात, आणि दुसऱ्या विषयाचे दोन तुकडे सातव्या व नवव्या जागी पेरलेले आहेत. परका मजकूर शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या खंडात आहे का, हे मी सवयीने आधी पाहतो.

कायद्यांची संख्या म्हणजे विषयांची संख्या नव्हे

मोजणीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे किती कायद्यांत बदल होतो ते मोजणे. मुंबई महानगरपालिका, इतर महानगरपालिका आणि नगरपरिषदा यांचे कायदे आपल्याकडे वेगवेगळे आहेत. नगरसेवकांच्या पात्रतेसंबंधी एखादी अट सर्वत्र सारखी लावायची, तर एकाच विधेयकाने तिन्ही कायद्यांना हात लावणे स्वाभाविक आहे. कायदे तीन, विषय एक. उलट, एकाच कायद्यात बदल करूनही विषय डझनभर असू शकतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती. बदल एकाच दस्तऐवजात होता आणि शीर्षकही संविधानात आणखी सुधारणा करण्याचे, म्हणजे निर्दोष होते. आत ५९ कलमे होती. उद्देशिकेत शब्द घातले गेले, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली, शिक्षण आणि वने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत (केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत) गेली, लोकसभेची मुदत पाचवरून सहा वर्षे झाली आणि न्यायालयांच्या पुनर्विलोकनाच्या अधिकारावर मर्यादा आल्या. वने समवर्ती सूचीत असावीत असे प्रामाणिकपणे वाटणाऱ्या खासदाराला स्वतःची मुदत वाढवण्यालाही त्याच मताने होकार द्यावा लागला. पुढे त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने यातले बरेच काढून टाकले, १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन कलमे रद्द केली, आणि मूलभूत कर्तव्ये, उद्देशिकेतले शब्द व समवर्ती सूचीतले शिक्षण आजही जागच्या जागी आहे. एकत्र बांधलेली मोळी सुटल्यावर प्रत्येक काटकी वेगवेगळ्या वाटेने गेली. त्या काटक्या मुळात वेगळ्या होत्या, याला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

मधल्या पट्ट्यातले उदाहरण २०२३ च्या जनविश्वास कायद्याचे आहे. त्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. किरकोळ चुकांसाठीची तुरुंगाची शिक्षा काढून तिथे दंड आणणे, हा त्याचा सांगितलेला उद्देश होता. 'त्यासाठी'च्या कसोटीला तो बऱ्यापैकी उतरतो. तिसऱ्या प्रश्नावर मात्र अडखळतो, कारण टपालाच्या कायद्यातली शिक्षा सौम्य करायला राजी असलेल्या माणसाचा पर्यावरण संरक्षण कायद्याच्या बाबतीत विरोध असू शकतो. माझ्या मते अशा विधेयकाला 'अनेक विषयांचे' म्हणून झोडपणे योग्य नाही; प्रत्येक कायद्यावर वेगळे मत घ्यावे, अशी मागणी करणे योग्य.

वित्त विधेयकाचे, म्हणजे अर्थसंकल्पातल्या करप्रस्तावांसाठी मांडल्या जाणाऱ्या विधेयकाचे, प्रकरण याहून गंभीर आहे आणि त्यासाठी धन विधेयकाची व्याख्या माहीत असावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद ११० मध्ये, आणि राज्यांसाठी अनुच्छेद १९९ मध्ये, कर, कर्ज, संचित निधी अशा बाबींची यादी आहे आणि ज्या विधेयकात 'केवळ' याच बाबी असतील तेच धन विधेयक, असे म्हटले आहे. आपल्या संविधानात एकविषयी नियमाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द शोधायचा तर तो हा 'केवळ'. धन विधेयक आहे की नाही यावर अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. एकदा ते धन विधेयक ठरले, की वरिष्ठ सभागृहाला १४ दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. महाराष्ट्रात विधान परिषद असल्याने हा फरक आपल्यालाही लागू पडतो.

२०१७ चे वित्त विधेयक १ फेब्रुवारीला मांडले गेले. निवडणूक रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या आणि लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांतले बदल त्यात होतेच. मार्चमध्ये सरकारी सुधारणांच्या रूपाने न्यायाधिकरणांचे विलीनीकरण, आधार आणि पॅन जोडण्याची सक्ती आणि कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यायच्या देणग्यांवरची मर्यादा काढणे, हे विषय आत आले. राज्यसभेने सुचवलेले बदल लोकसभेने स्वीकारले नाहीत आणि धन विधेयक असल्यामुळे ते तिथेच संपले. न्यायाधिकरणांबाबतचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी रद्द केले आणि धन विधेयकाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरली. आपल्या कामाचा धडा असा की, मांडलेली प्रत वाचून थांबू नये. विचारार्थ घेण्याच्या वेळी कोणत्या सुधारणा आल्या, त्यांची यादी वेगळी मागून तीच तीन प्रश्नांची चाळणी लावावी. लोकसभेच्या नियम ८० प्रमाणे सुधारणा विधेयकाच्या व्याप्तीतली आणि संबंधित खंडाच्या विषयाशी निगडित असावी लागते. हा नियम आधीपासून पुस्तकात आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: सभागृहात प्रत्येक खंड वेगळा मताला टाकला जातोच, मग सक्ती कसली? उत्तर दोन भागांत आहे. बरेचसे खंड एका दमात पुकारले जातात आणि तिसऱ्या वाचनाला, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, मत संपूर्ण विधेयकावरच होते. शिवाय १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते, त्यामुळे सातव्या खंडाला एकट्याने 'नाही' म्हणण्याची मुभा कागदावरच उरते. राज्यपालांनाही विधेयकातला एक खंड वगळून बाकीच्याला संमती देता येत नाही.

मोजून झाल्यावर

सूचना पाठवायची ती मुदतीत आणि नेमकी पाठवावी. ऐरोली, बेलापूर, ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा किंवा मुंब्रा-कळवा, ज्या मतदारसंघात आपण राहतो त्या आमदारांना पत्र लिहावे, आणि विषय विधान परिषदेत जाणार असेल तर कोकण पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या सदस्यांनाही. पत्रात विधेयकाचे नाव, खंड क्रमांक, हवा असलेला बदल आणि कारण एवढेच असावे. 'हे विधेयक जनविरोधी आहे' असे लिहिलेले पत्र बाजूला पडते. 'खंड ७ व ९ वगळावेत आणि त्यांसाठी स्वतंत्र विधेयक मांडावे, कारण त्यांचा उल्लेख उद्देश व कारणांच्या निवेदनात नाही' या वाक्यावर मात्र सदस्याला सभागृहात बोलता येते.

वेळ फार थोडा मिळतो, हे खरे आहे. दोन वाटा उपयोगी पडतात. विधेयक एखाद्या अध्यादेशाची जागा घेणारे असेल तर तो अध्यादेश राजपत्रात आधीच आलेला असतो आणि मजकूर बहुधा तोच असतो. मोजणी तिथेच करून ठेवावी. आणि विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले, तर समिती सूचना मागवू शकते. राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या.

नियमाचीच मागणी करायची असेल, तर ती न्यायालयाकडे नव्हे, सभागृहाकडे करावी, असे माझे मत आहे. कार्यपद्धतीतल्या अनियमिततेवरून विधिमंडळाच्या कामकाजाची वैधता न्यायालयात तपासता येत नाही, असे अनुच्छेद २१२ सांगतो. त्यापेक्षा विधेयक मांडतानाच त्यात एकच विषय असल्याचे मंत्र्यांनी लेखी नमूद करावे आणि आक्षेप आल्यास पीठासीन अधिकाऱ्यांनी कारणांसह निर्णय द्यावा, अशी दुरुस्ती सभागृहाच्या नियमांत पुरेशी आहे. विषयाची व्याख्या फार आखूड केली तर एका सुधारणेसाठी सात विधेयके मांडावी लागतील आणि सातव्याला गणसंख्याही उरणार नाही. ती फार सैल केली तर 'नागरी प्रशासन' हाही एक विषयच ठरेल.

सराव घरापासून करता येतो. आमच्या संस्थेत त्या प्रकरणानंतर मी पुढच्या वार्षिक सभेसाठी हा मसुदा दिला: 'प्रत्येक ठरावाचा विषय एकच असेल व तो सूचनेत स्पष्ट लिहिलेला असेल. ठरावासाठी लागणारा खर्च, वर्गणी व दंड यांची तरतूद त्याच ठरावात करता येईल. सूचनेत न लिहिलेली, सभासदांवर आर्थिक बोजा टाकणारी कोणतीही बाब आयत्या वेळच्या विषयांत घेतली जाणार नाही. पंचवीस सभासदांनी किंवा एक पंचमांश सभासदांनी, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी, मागणी केल्यास ठरावाचे भाग करून प्रत्येक भागावर वेगळे मत घेतले जाईल.' शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण विषय एक की दोन यावर वाद होणारच, आणि तेव्हा वाद घालण्यापेक्षा मत वेगळे घेणे सोपे पडते.

मसुदा मंजूर झाला. सूचनेतले विषय सातावरून अकरावर गेले आणि सभा रात्री पावणेअकराला संपली, याबद्दल चिटणीसकाका अजून मला ऐकवतात. वाहनतळाचा विषय त्या सभेत वेगळा आला. दुसऱ्या गाडीचे वाढीव शुल्क मोठ्या बहुमताने कायम राहिले, मीही त्याच्या बाजूने हात वर केला, आणि भाडेकरूंचा भाग समितीने मतदानाआधीच मागे घेतला.